शाळेच्या बॉण्डवर मत देण्याआधी काय काय बघायचं: कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या मराठी पालकांसाठी

निवडणूक जवळ आली की ओळखीतल्या नवीन लोकांचे फोन सुरू होतात, "अगं ताई, ते शाळेचं मेझर आलंय बॅलटवर, हो करायचं का नाही?" आणि पाठोपाठ "आमचा टॅक्स किती वाढणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत पण उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण तुम्ही घर कधी घेतलंय, कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये राहताय, शाळेला नेमकं काय करायचंय यावर ते बदलतं. मी सिटिझन झाल्यापासून दर वेळी ही सगळी कागदं वाचून मत देते, बोर्ड मीटिंगांनाही जाते, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतेय. हे फक्त कॅलिफोर्नियाचं आहे हां, टेक्सास-न्यू जर्सीत नियम वेगळे, तिथल्यांनी हे जसंच्या तसं लावू नका.

आधी थोडक्यात भानगड काय आहे ते. बॅलट म्हणजे मतपत्रिका, आणि मेझर किंवा प्रॉपोझिशन म्हणजे तिच्यावर मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेला खोल्या बांधायच्या तर पैसे सरकारकडून येतात, फार तर गावात लोकवर्गणी निघते, पण "इमारतीसाठी कर्ज काढू का?" असं मतदारांना कोणी विचारत नाही. इथे विचारतात. बॉण्ड म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) काढलेलं कर्ज, आणि ते फेडायचं डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या प्रॉपर्टी मालकांनी प्रॉपर्टी टॅक्समधून, बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षं. नोव्हेंबर २००० मध्ये प्रॉपोझिशन ३९ पास झालं तेव्हापासून या बॉण्डला ५५ टक्के मतं पुरतात, त्याआधी दोन तृतीयांश लागायची. ही सवलत दिली त्या बदल्यात अटी घातल्या: कामांची यादी आधी जाहीर करायची, नागरिकांची देखरेख समिती नेमायची, दर वर्षी दोन ऑडिट करायची आणि शिक्षक-अधिकाऱ्यांच्या पगाराला यातला एक डॉलरही वापरायचा नाही. राज्याकडूनही पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रॉपोझिशन २ पास होऊन १० बिलियन डॉलरचा राज्याचा बॉण्ड मंजूर झाला, पण ते पैसे साधारणपणे मॅचिंग म्हणून मिळतात, म्हणजे डिस्ट्रिक्टने आपला हिस्सा घातला तर. हिस्सा घालायचा तर बहुतेकांकडे स्थानिक बॉण्ड हाच रस्ता असतो.

१. सगळ्यात आधी: तुम्हाला मत देता येतं का?

हे पहिलं लिहितेय कारण इथे चूक झाली तर ती टॅक्सपेक्षा फार महाग पडते. मत फक्त यूएस सिटिझनला. ग्रीन कार्ड असेल, एच-वन असेल, मुलं इथेच जन्मलेली असतील, तीस वर्षं टॅक्स भरत असाल, तरी नाही. डीएमव्हीमध्ये लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीचे प्रश्न येतात, तिथे घाईघाईत सिटिझनच्या चौकोनावर टिक करू नका. सिटिझन नसताना सिटिझन आहे असं सांगणं हा इमिग्रेशन कायद्यात अतिशय गंभीर प्रकार आहे, पुढे सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर "कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, कधी मत दिलंय का" हे सरळ विचारतात. चुकून घरी बॅलट आलंच तर ते भरू नका, कौंटीच्या निवडणूक ऑफिसला कळवून नाव काढून घ्या, कळवल्याचं ईमेल किंवा पत्र जपून ठेवा आणि वकिलाशी बोला.

"सॅन फ्रान्सिस्कोत तर ग्रीन कार्डवाले पालक पण मत देतात" असं कोणीतरी सांगतंच. तिथे २०१६ च्या प्रॉपोझिशन एन मुळे सिटिझन नसलेल्या पालकांना मत देता येतं ते फक्त स्कूल बोर्डाचे सदस्य निवडायला. बॉण्डला नाही.

सिटिझन असाल तर निवडणुकीच्या १५ दिवस आधीपर्यंत ऑनलाइन नाव नोंदवता येतं, ती तारीख गेली तर कौंटीच्या ऑफिसात किंवा मतदान केंद्रावर जाऊन त्याच दिवशी नोंदवून मत देता येतं. घर बदललं असेल तर पत्ता बदला. आणि भाड्याने राहता म्हणून किंवा मुलं शाळेत नाहीत म्हणून मत नाही असं काही नसतं, डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा प्रत्येक नोंदलेला मतदार यावर मत देतो.

२. आपला डिस्ट्रिक्ट नक्की कुठला ते शोधा

शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या सॅन होजेमध्ये डझनाहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. नावांचा गोंधळ तर विचारू नका, फ्रीमाँट युनिफाइड हा फ्रीमाँट शहराचा, पण फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट हा कूपर्टिनो-सनीव्हेलकडचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय कूपर्टिनोत राहत असाल तर आठवीपर्यंतची शाळा एका डिस्ट्रिक्टची, हायस्कूल दुसऱ्या डिस्ट्रिक्टचं आणि कम्युनिटी कॉलेज तिसऱ्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे एका घरावर तीन वेगळ्या संस्था बॉण्ड आणू शकतात आणि तिघांचा टॅक्स एकाच बिलात येतो. कौंटीच्या साइटवर पत्ता टाकला की तुमचे सगळे डिस्ट्रिक्ट दिसतात, रिअल इस्टेट एजंटने सांगितलेल्यावर विसंबू नका.

३. ही कागदं जवळ घेऊन बसा

- प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, ऑक्टोबरच्या सुमारास येतं. नवीन घर असेल तर सप्लिमेंटल (घर घेतल्यावर येणारं पुरवणी) बिल पण.
- कौंटीचं मतदार माहिती पुस्तक. त्यात मेझरचा पूर्ण मजकूर, कौंटीच्या वकिलाने केलेलं तटस्थ विश्लेषण, बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं आणि टॅक्स रेट स्टेटमेंट (टॅक्सच्या दराचा डिस्ट्रिक्टने दिलेला अंदाज) हे सगळं असतं.
- डिस्ट्रिक्टचा फॅसिलिटीज मास्टर प्लॅन, म्हणजे शाळांच्या इमारतींचा आराखडा, डिस्ट्रिक्टच्या साइटवर सापडतो.
- आधी बॉण्ड पास झालेला असेल तर त्याच्या देखरेख समितीचे वार्षिक अहवाल आणि ऑडिट.
- कॅल्क्युलेटर.

इंग्रजी कायदेशीर भाषा जड जात असेल तर काही कौंट्यांमध्ये हिंदीत नमुना मतपत्रिका मिळते, आईवडिलांसाठी मागवून घ्या. मराठीत माझ्या बघण्यात आली नाही.

४. बॅलटवरचा प्रश्न कसा वाचायचा

प्रश्न जास्तीत जास्त ७५ शब्दांचा असतो आणि त्यातला प्रत्येक शब्द पारखून निवडलेला असतो. सुरुवातीला गळकी छपरं, मुलांची सुरक्षितता, सायन्स लॅब. मग "लीगल रेट्सने इतक्या मिलियनचे बॉण्ड". मग दर लाख असेस्ड व्हॅल्यूमागे (टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीमागे) किती डॉलर, वर्षाला एकूण किती जमा होणार आणि किती वर्षं. हे तीन आकडे लिहिणं सक्तीचं आहे म्हणून ते असतात. शेवटी ऑडिट, देखरेख, सगळा पैसा स्थानिक शाळांनाच.

यातलं छप्पर आणि लॅब वाचून मत ठरवू नका. प्रश्नातलं वर्णन म्हणजे नमुना असतो, डिस्ट्रिक्टला बांधणारी यादी पूर्ण मजकुरात असते. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात:

"टॅक्सचा दर न वाढवता" असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की जुना बॉण्ड फिटत आलाय, त्यामुळे तुमचं बिल कमी होणार होतं, आता नवीन बॉण्ड घेऊन दर आहे तिथेच ठेवणार. यात काही गैर नाही, मी अशा मेझरला हो पण केलंय, पण आपल्याला काहीच पडणार नाही असं समजून हो करू नका.

दुसरं म्हणजे पार्सल टॅक्स. तोही शाळेचाच असतो, तोही मेझर अमुक म्हणूनच येतो, पण प्रकरण वेगळं. पार्सल टॅक्सचे पैसे पगाराला, लायब्ररीला, म्युझिक टीचरला वापरता येतात, त्याला बहुतेक वेळा दोन तृतीयांश मतं लागतात, तो साधारणपणे सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा प्रत्येक घराला सारखा असतो आणि अनेक ठिकाणी ६५ च्या पुढच्यांना अर्ज केल्यावर माफ होतो. बॉण्डमध्ये वय बघून माफी नाही आणि रक्कम घराच्या असेस्ड व्हॅल्यूवर. कधीकधी दोन्ही एकाच वर्षी येतात, तेव्हा कुठलं कुठलं ते नीट बघा.

५. स्वतःच्या घराचा आकडा काढा

इथे जरा वेळ द्या, कारण आपल्या लोकांना याचा फटका शेजाऱ्यांपेक्षा जास्त बसतो आणि ते कोणी आधी सांगत नाही.

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे मूळ प्रॉपर्टी टॅक्स असेस्ड व्हॅल्यूच्या १ टक्क्यावर थांबतो, आणि असेस्ड व्हॅल्यू म्हणजे तुम्ही घर घेतलं ती किंमत, त्यावर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. मतदारांनी मंजूर केलेले बॉण्ड या १ टक्क्याच्या वर येतात. आता धरून चाला की बॉण्डचा दर लाखामागे ४० डॉलर आहे. तुम्ही दोन-तीन वर्षांपूर्वी १५ लाख डॉलरला घर घेतलं, तर १५ गुणिले ४०, वर्षाला ६०० डॉलर. शेजारच्या काकांनी तसंच घर नव्वदच्या दशकात घेतलंय, त्यांची असेस्ड व्हॅल्यू आज ४ लाख आहे, त्यांना १६० डॉलर. भिंतीला भिंत लागून घरं, मुलं एकाच शाळेत, आणि बिलात जवळपास चारपट फरक. प्रचाराच्या पत्रकात "सरासरी घरमालकाला महिन्याला इतके डॉलर" लिहिलेलं असतं ना, त्या सरासरीत असे काका खूप असतात, नवीन घर घेतलेला त्या सरासरीच्या बराच वर असतो. म्हणून पत्रकावरचा आकडा बाजूला ठेवा, बिलावरची असेस्ड व्हॅल्यू घ्या, लाखाने भागा, दराने गुणा. झिलोवरची (घरांच्या साइटवर दिसणारी) बाजारातली किंमत घ्यायची नाही, तिचा इथे काही संबंध नाही.

दराला कमाल मर्यादा आहे: युनिफाइड डिस्ट्रिक्टला (लहान वर्गांपासून हायस्कूलपर्यंत सगळं एकाच संस्थेकडे) लाखामागे ६० डॉलर, वेगळ्या एलिमेंटरी किंवा हायस्कूल डिस्ट्रिक्टला ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. पण ही मर्यादा एका वेळच्या मेझरची. २०१४ चा बॉण्ड अजून फिटतोय, त्यावर २०२० चा, आता नवीन, असे ते एकावर एक चढतात. बिलावर मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाच्या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात, सगळ्यांची बेरीज करा आणि मग त्यात नवीन मिळवा. आयर्व्हाइन, डब्लिन, सॅन रमोनकडच्या नव्या वस्त्यांमध्ये मेलो-रूस नावाचा वस्तीपुरता खास टॅक्स पण असतो, तो शाळेसाठी असला तरी बॉण्डपेक्षा वेगळा आणि तुम्ही घर घेतानाच मान्य केलेला.

भाड्याने राहणाऱ्यांना बिल थेट येत नाही, पण मालकाचा खर्च वाढला की भाड्यावर त्याचा दाब येऊ शकतो एवढं लक्षात ठेवा.

६. यादी वाचा आणि शाळा जाऊन बघा

आकडा कळला, आता त्या बदल्यात काय मिळतंय ते. यादी उघडा आणि तुमच्या मुलांच्या शाळेचं नाव शोधा. काही याद्यांमध्ये शाळानिहाय कामं असतात, काहींमध्ये "सर्व शाळा: वर्ग, छप्पर, वीज, प्लंबिंग आवश्यकतेनुसार" एवढंच. दुसरा प्रकार असेल तर मास्टर प्लॅनमध्ये बघा, तिथे कुठली इमारत किती जुनी आणि दुरुस्तीला अंदाजे किती हे सहसा असतं.

आणि शाळेत जा. बॅक टू स्कूल नाइटला आपण वर्गात बसून टीचरचं ऐकतो आणि घरी येतो, त्याऐवजी मागच्या पोर्टेबल वर्गांपर्यंत चालत जा. तात्पुरते म्हणून आणून ठेवलेले ते डबे वीस-वीस वर्षं तसेच असतात, रॅम्पची फळी पायाखाली हलते, छताच्या टाइलवर पिवळे डाग, भिंतीतला एसी लावला की मागच्या बाकावर टीचरचा आवाज पोचत नाही. वणव्याच्या धुराचे दिवस असतात तेव्हा याच वर्गांतून मुलांना कुठे हलवायचं हा प्रश्न पडतो. हे बघितल्यावर यादीतल्या "एचव्हीएसी (हीटिंग-एसी) मॉडर्नायझेशन" या रुक्ष ओळीचा अर्थ कळतो.

"एक बाथरूम करायला एवढे पैसे?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एक कारण १९३३ पर्यंत जातं. त्या वर्षी मार्चमध्ये लाँग बीचला भूकंप झाला, कितीतरी शाळा कोसळल्या, संध्याकाळची वेळ होती म्हणून मुलं आत नव्हती. महिन्याभरात फील्ड ॲक्ट आला आणि तेव्हापासून सरकारी शाळेचं बांधकाम भूकंपाला टिकेल असंच करावं लागतं, नकाशे राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून तपासून घ्यावे लागतात, साइटवर इन्स्पेक्टर लागतो. शिवाय मजुरीचे दर कायद्याने ठरलेले. खर्च वाढतो, पण या खर्चावर माझी तक्रार नाही, आपली पोरं त्याच इमारतीत बसतात.

तक्रार कुठे करावी तर लवकर संपणाऱ्या वस्तूंवर. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस युनिफाइडने बॉण्डच्या पैशातून विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायला घेतले, तेव्हा तीन-चार वर्षं टिकणाऱ्या वस्तूचं कर्ज पंचवीस वर्षं का फेडायचं यावरून मोठा वाद झाला आणि शेवटी ती योजना गुंडाळली. यादीत टेक्नॉलॉजी असेल तर सरळ विचारा, त्यासाठी कमी मुदतीचे बॉण्ड काढणार का?

७. टॅक्स रेट स्टेटमेंटमधली एकच ओळ

या कागदात दर, शेवटचं वर्ष वगैरे असतं, पण मुद्दल आणि व्याज धरून एकूण किती फेडायचं हा आकडा आधी शोधा. मुद्दलाच्या दुपटीच्या आसपास बऱ्याचदा दिसतो. त्याच्या बराच पुढे असेल तर कारण विचारा. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइडने २०११ मध्ये कॅपिटल ॲप्रिसिएशन प्रकारचे (व्याज साठत जाऊन नंतर फेडायचे) बॉण्ड काढून सुमारे १०५ मिलियन डॉलर उचलले, हप्ते वीस वर्षं पुढे ढकलले, आणि फेड गेली जवळपास एक बिलियनवर. त्यावरून एवढा गदारोळ झाला की २०१३ मध्ये राज्याने कायदा करून अशा बॉण्डची मुदत २५ वर्षांवर आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीवर आणून थांबवली. आता तेवढं टोक गाठता येत नाही, तरी चौपटसुद्धा खूपच झाली.

८. प्रचार कोण करतंय

डिस्ट्रिक्टला सार्वजनिक पैशातून "हो करा" असं सांगायला मनाई आहे, ते फक्त माहिती देऊ शकतात. हो-नाहीचा प्रचार वेगळी समिती खाजगी देणग्यांवर करते आणि देणगीदारांची नावं फॉर्म ४६० वर जाहीर होतात. आर्किटेक्ट, बिल्डर, बॉण्ड विकणाऱ्या कंपन्या तिथे दिसल्या तर दचकू नका, पण पुढे कंत्राटं कोणाला जातात त्यावर नजर ठेवा. विरोधकांचं म्हणणं पण पूर्ण वाचा, कधीकधी डिस्ट्रिक्टने न सांगितलेला जुन्या बॉण्डचा हिशोब तिथेच मिळतो.

९. बॅलट भरताना

बॅलट टपालाने प्रत्येक मतदाराच्या घरी येतं. शाळेचं मेझर बहुतेक वेळा शेवटी-शेवटी असतं, प्रेसिडेंट आणि राज्याची प्रॉपोझिशन संपता संपता लोक दमतात आणि ते कोरं सोडतात. कोरं म्हणजे "नाही" असं काही जण समजतात, तसं नाहीये, ५५ टक्के हे त्या मेझरवर पडलेल्या मतांचे मोजतात.

पाकिटावरची सही सांभाळा. आपल्यापैकी बऱ्याच जणांची जुनी सही देवनागरीत, लायसन्सवर इंग्रजी, बँकेत तिसरीच. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवून बघतात, जुळली नाही तर कौंटीचं पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर दिलं तर मत धरतात. लायसन्सवर जशी केली तशीच करा. आणि पोस्टाच्या भरवशावर शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा कौंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका, मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत उघडे असतात.

१०. मत नसेल तर काय करता येतं

बरंच काही, आणि ते मतदानाच्या आधी. मेझर बॅलटवर आणायचं की नाही हे स्कूल बोर्ड ठरवतं, दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागते आणि ठराव निवडणुकीच्या किमान ८८ दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे नोव्हेंबरच्या मेझरची यादी उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्की होते, आपण सगळे भारतात आंबे खात असतो तेव्हा. त्या मीटिंगांना कोणीही जाऊ शकतं, व्हिसा कोणी विचारत नाही. आत गेल्यावर एक चिठ्ठी भरून द्यायची आणि नंबर आला की दोन-तीन मिनिटं बोलायचं. आमच्याकडे एका एच-वनवाल्या बाबांनी पोर्टेबलमधल्या तापमानाचे फोटो दाखवत शांतपणे बोलून ती शाळा यादीत वर आणली. ते मत देऊ शकत नव्हते. प्रचार समितीला पैसे देण्याच्या फंदात मात्र व्हिसावाल्यांनी पडू नये, परदेशी नागरिकांच्या देणग्यांचे नियम कडक आहेत.

११. पास झाल्यावर

टपालाची मतं मोजायला आठवडे लागतात, ५४ टक्क्यांवर अडकलेलं मेझर शेवटी ५५ पार करू शकतं आणि उलटही होतं, त्यामुळे कौंटीने निकाल प्रमाणित करेपर्यंत थांबा. बॉण्ड एकदम विकत नाहीत, टप्प्याटप्प्याने सिरीज काढतात, म्हणून तुमच्या बिलात ओळ पुढच्या ऑक्टोबरला दिसेल किंवा आणखी एक वर्ष जाईल. पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत, नाहीतर दंड.

देखरेख समितीत किमान सात जण लागतात, त्यात पालकांसाठी जागा राखून असतात, पीटीएत (पालक-शिक्षक संघात) काम करणाऱ्या पालकासाठी वेगळी. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी किंवा कंत्राटदार त्यात बसू शकत नाहीत, मानधन नाही, मुदत किमान दोन वर्षांची. या जागा कित्येकदा रिकाम्या राहतात. आपल्याकडे इतके इंजिनीअर, अकाउंटंट, प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, बिलं आणि शेड्यूल वाचणं हे तर रोजचं काम. डिस्ट्रिक्टच्या साइटवर अर्ज असतो, भरून टाका. अर्ज नाही केला तरी समितीची मीटिंग सगळ्यांना खुली असते आणि मिनिट्स साइटवर टाकावेच लागतात, तिथे पहिल्यांदा हे बघा की तुमच्या शाळेच्या कामाची तारीख मागच्या वेळेपेक्षा पुढे गेलीय का.